खलनायकाच्या अंगावरच्या खुणा : मारबत, आकाझा आणि आमचा चौथीचा वर्ग



आज जरा वेगळा विषय घेऊन आले आहे. पाठ्यपुस्तकात तो नाही. पण तुमच्या वर्गातल्या, तुमच्या घरातल्या मुलांच्या डोक्यात तो नक्की आहे. जपानी कार्टून, म्हणजे ज्याला मुलं 'अ‍ॅनिमे' म्हणतात, त्यातला दुःखी खलनायक. आपल्या सीताबर्डीच्या मेन रोडवर कपड्यांच्या ठेल्यांसमोर पाच मिनिटं उभे राहा. काळ्या टी-शर्टवर लाल ढग, कपाळाला पट्टी, चेहऱ्यावर निळ्या रेघा असलेली पात्रं दिसतील. त्यातली निम्मी नायक नाहीत, खलनायक आहेत. आईबाबा विचारतात, "अरे, वाईट माणसाचं चित्र छातीवर काहून पाहिजे तुला?" मुलगा म्हणतो, "तो वाईट नाही आई, त्याची स्टोरी माहीत नाही तुला."

या उत्तरावर हसू नका. त्यात एक मोठा धडा दडलेला आहे. पण तो मला कळला तो दुसऱ्याच एका प्रसंगातून. आधी तोच सांगते.

'स्किन कलर'चा खडू

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्या नागपुरात तान्हा पोळा असतो आणि मारबतीची मिरवणूक निघते. सुट्टीनंतर शाळा भरली तेव्हा मी चित्रकलेच्या तासाला फळ्यावर विषय लिहिला, 'मी आणि माझा सण'. मुलं रंगात रमली. एक मुलगी मात्र कोऱ्या चेहऱ्याचं चित्र काढून बसली होती. विचारलं तर म्हणाली, "मॅडम, माझ्याकडे स्किन कलर नाही." तिच्या डबीत तपकिरी खडू होता. मी तो उचलून दिला. तिने तो परत डबीत ठेवला आणि हळूच सांगितलं, "हा नको. मग ते पुन्हा म्हणतात."

काय म्हणतात, ते मागच्या बाकावरून लगेच ऐकू आलं. "काळी मारबत!"

मुलं हसली. मी रागावले, एकाला उभं केलं, माफी मागायला लावली. त्याने मागितली. तास संपला. पण रागावून प्रश्न सुटला नाही हे मला त्याच दिवशी कळलं होतं. कारण त्या मुलाने शब्द बाहेरून आणला होता, पण त्यामागचं गणित आम्हीच शिकवलं होतं. गोष्ट सांगताना राक्षस काळा रंगवायचा, परी गोरी रंगवायची, हे मी स्वतः फळ्यावर किती वेळा केलं असेल! मुलांनी फक्त बेरीज केली.

म्हणून ठरवलं, की खलनायक कसा 'रंगवला' जातो हेच मुलांबरोबर नीट बघायचं. त्यासाठी दोन उदाहरणं घेतली. एक आपल्या गावचं, एक मुलांच्या आवडीचं.

पहिलं उदाहरण : आपली मारबत

बाहेरगावच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. मारबत म्हणजे बांबूच्या कामट्या, कागद, कापड वापरून केलेला स्त्रीचा मोठा पुतळा. नागपुरात दोन मुख्य मारबती, काळी आणि पिवळी. काळीची परंपरा १८८१ पासूनची आणि पिवळीची १८८५ पासूनची मानली जाते. जुन्या नागपुरातल्या इतवारी, महाल भागातून त्यांची मिरवणूक निघते, रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसते. सोबत बडगे असतात. ते पुरुषाचे पुतळे. महागाई, भ्रष्टाचार, त्या त्या वर्षीचा जो काही त्रास असेल तो बडग्याच्या रूपात येतो. लोक ओरडून सांगतात, की आमची रोगराई, आमची पीडा सगळी घेऊन जा. मग गावाबाहेर नेऊन पुतळे जाळले जातात.

आता हिची 'रचना' बघा. काळ्या मारबतीचा रंग वाईटाचं चिन्ह. मोठे डोळे, बाहेर आलेली जीभ किंवा दात हे भीतीचं चिन्ह. प्रचंड आकार म्हणजे आपल्या सगळ्यांचा त्रास एकीच्या अंगात मावला पाहिजे. जाळणं म्हणजे तो त्रास संपवणं. लांबून, गर्दीतून, एका नजरेत कळावं अशी ही रचना आहे, आणि त्या कामाला ती अगदी योग्य आहे.

पण ही बाई कोण? लोक दोन उत्तरं देतात. एक उत्तर, ती पूतना. दुसरं उत्तर, ती नागपूरच्या भोसले घराण्यातली बांकाबाई, जी इंग्रजांना मिळाली म्हणून लोकांनी तिचा पुतळा काढला. दोन्ही उत्तरं जरा उलगडून बघितली तर मजा येते. मजा म्हणण्यापेक्षा, वाईट वाटतं.

पूतनेची गोष्ट आपण 'विष पाजायला आलेली राक्षसीण' इथेच थांबवतो. भागवतात ती तिथे थांबत नाही. कृष्णाने तिचे प्राण घेतले, पण तिने आईसारखं दूध पाजायला घेतलं होतं म्हणून तिला आईची गती मिळाली, असं तिथे सांगितलं आहे. तिच्या जळत्या देहातून अगरूसारखा सुगंध आला, असंही वर्णन आहे. म्हणजे खलनायिकेच्या शेवटात करुणा ठेवण्याची पद्धत आपल्याला जपानकडून शिकायची गरज नव्हती. आपल्याकडे ती होतीच.

आता बांकाबाई. आमच्या शाळेपासून सीताबर्डीचा किल्ला चालत जाण्याच्या अंतरावर आहे. २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ ला याच टेकडीवर अप्पासाहेब भोसल्यांचं सैन्य आणि इंग्रज यांची लढाई झाली आणि इंग्रज जिंकले. पण इंग्रजांची फौज नागपुरात आली ती त्याआधीच, मे १८१६ च्या तैनाती फौजेच्या तहाने. तो तह केला होता खुद्द अप्पासाहेबांनी, बांकाबाईने नव्हे. पुढे १८१८ मध्ये इंग्रजांनी अप्पासाहेबांना काढून लहानग्या तिसऱ्या रघूजीला गादीवर बसवलं. दुसऱ्या रघूजीची विधवा बांकाबाई त्याची पालक झाली. खरा कारभार इंग्रज रेसिडेंटच्या हातात होता. १८५३ मध्ये तिसरा रघूजी वारस न ठेवता वारला, १८५४ मध्ये राज्य खालसा झालं, आणि राजवाड्यातले दागदागिने, हत्ती-घोडे लिलावात विकले गेले. एवढं डोळ्यांनी बघूनही १८५७ मध्ये ही म्हातारी बाई इंग्रजांच्याच बाजूने उभी राहिली.

तिने बरोबर केलं का? मी तसं म्हणत नाही. लोकांचा राग खोटा होता असंही म्हणत नाही. पण पुतळ्याच्या अंगावर यातलं काय दिसतं? विधवापण नाही, लहान राजा नाही, गेलेलं राज्य नाही, लिलाव नाही. दिसतो फक्त काळा रंग. पुतळ्याला भूतकाळ नसतो. तो जाळायचा असतो, म्हणून तो ठेवलेलाच नाही.

आणि आणखी एक गोष्ट. मिरवणुकीआधी याच मारबतींची पूजा होते. पिवळीला तर अनेक जण रक्षण करणारी मानतात. म्हणजे मोठ्या माणसांना माहीत असतं, की हा रंग म्हणजे चिन्ह आहे, माणूस नाही. मुलांना हे कोणी सांगत नाही. ती चिन्ह उचलतात आणि शेजारच्या बाकावरच्या मुलीला चिकटवतात.

दुसरं उदाहरण : आकाझा

त्याच वर्षी, म्हणजे २०२५ मध्ये, पोळ्यानंतर तीन आठवड्यांनी, १२ सप्टेंबरला 'डेमन स्लेयर : इन्फिनिटी कॅसल' हा जपानी सिनेमा भारतात लागला. वर्गात आठ दिवस दुसरा विषय नव्हता. मोठ्या भावाबहिणींकडून गोष्ट ऐकून मुलं मधल्या सुट्टीत मारामारी खेळत होती. आणि गंमत म्हणजे सगळ्यांना नायक तांजिरो व्हायचं नव्हतं. आकाझा व्हायचं होतं. म्हणून मी हे पात्र नीट समजून घेतलं. (पालकांनी लक्षात ठेवावं, की यात रक्तपात भरपूर आहे. चौथी-पाचवीच्या मुलांना तो दाखवू नये असंच माझं मत आहे. मी वर्गात फक्त गोष्ट सांगितली, तीही निवडून. तसंच, पुढे गोष्टीचा शेवट येणार आहे.)

कोयोहारु गोतोगे यांची ही चित्रकथा जपानमध्ये २०१६ ते २०२० या काळात साप्ताहिकातून आली. आकाझा हा त्यातल्या बलाढ्य राक्षसांपैकी एक. आधीच्या सिनेमात त्याने रेंगोकू नावाच्या लाडक्या योद्ध्याला मारलेलं आहे, त्यामुळे मुलांना त्याचा रागही आहे. दिसायला कसा आहे? फिक्कट अंग, गुलाबी केस, आणि अंगभर गडद निळ्या रेघा. लढायला उभा राहिला, की पायाखाली बर्फाच्या कणासारखी नक्षी उमटते. दुबळ्या माणसांचा त्याला भयंकर तिटकारा. पण तो बायकांना कधी मारून खात नाही.

पहिल्यांदा बघताना हे सगळं नुसतं 'स्टायलिश' वाटतं. शेवटी त्याचा भूतकाळ कळतो आणि एकेक खूण बोलायला लागते.

*निळ्या रेघा.* माणूस असताना त्याचं नाव होतं हाकुजी. वडील आजारी, औषधाला पैसे नाहीत, म्हणून पोरगा पाकिटमारी करायचा. जुन्या जपानमध्ये चोराच्या हातावर शिक्षा म्हणून गोंदणाच्या पट्ट्या काढत. हाकुजीच्या दोन्ही हातांवर त्या होत्या. आपल्यामुळे मुलगा चोर झाला हे सहन न होऊन वडिलांनी जीव दिला. राक्षस झाल्यावर त्याच पट्ट्या अंगभर पसरल्या. म्हणजे एकदा 'चोर' म्हणून मारलेला शिक्का अख्ख्या माणसाला व्यापून बसला.

इथे मी थांबून आपल्याकडचं सांगितलं. इंग्रजांच्या काळात हिंदुस्थानातही काही भागांत कैद्यांच्या कपाळावर गुन्हा गोंदत. आणि १८७१ च्या कायद्याने तर पुढे पारध्यांसारख्या अख्ख्या जमातींवर जन्मतःच गुन्हेगार असा शिक्का बसला. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, पण शिक्का अजून पुरता पुसला नाही, हे आपल्या विदर्भातल्या शिक्षकांना वेगळं सांगायला नको.

*बर्फाची नक्षी.* केइझो नावाच्या कुस्ती-आखाड्यासारख्या शाळेच्या गुरुजींनी हाकुजीला घरी आणलं आणि काम दिलं, की माझ्या आजारी मुलीची काळजी घे. मुलीचं नाव कोयुकी. जपानीत 'युकी' म्हणजे बर्फ. तिच्या केसांत बर्फाच्या कणासारखा दागिना असायचा. आकाझाच्या पायाखाली उमटणारी नक्षी ती हीच. तो सगळं विसरला आहे, पण उभा तिच्या आठवणीवर आहे.

*डावांची नावं.* त्याच्या ठोशांची नावं जपानी दारूकामावरून, म्हणजे आकाशात उडवायच्या आतषबाजीवरून घेतलेली आहेत. कारण आतषबाजीच्या रात्री त्याने कोयुकीला वचन दिलं होतं, की मी सगळ्यांत बलवान होईन आणि तुला सांभाळीन.

*गुलाबी केस.* कोयुकीचा पोशाख गुलाबी असायचा. हे कोणी सांगत नाही, पण दोन्ही चित्रं शेजारी ठेवली, की मुलांना आपोआप दिसतं.

मग झालं काय? लग्न ठरल्याचं सांगायला तो वडिलांच्या समाधीवर गेला होता. तेवढ्यात शेजारच्या आखाड्याच्या लोकांनी द्वेषाने विहिरीत विष टाकलं. गुरुजी गेले, कोयुकी गेली. त्याने नुसत्या हातांनी ६७ माणसं मारली आणि त्यानंतर तो राक्षस झाला. बलवान होण्याचं वचन लक्षात राहिलं, कोणासाठी व्हायचं ते विसरला. दुबळ्यांचा तिटकारा करणारा हा माणूस, माणूस असताना मात्र आजाऱ्यांच्या उशाशी बसण्यातच सुखी होता. आणि तिटकारा खरा कोणाचा? ज्याला आपली माणसं वाचवता आली नाहीत त्या स्वतःचा. शेवटी सगळं आठवतं तेव्हा तो आपला ठोसा स्वतःवरच उगारतो आणि पुन्हा जिवंत व्हायला नकार देतो.

दोन्हींत फरक काय?

हा फरक मी मुलांना फळ्यावर दोन चित्रं काढून विचारला. एक मुलगा म्हणाला, "मॅडम, मारबतीला पाहून समजते की ती वाईट आहे. आकाझाला पाहून समजते की त्याच्यासोबत काहीतरी वाईट झालं आहे."

यापेक्षा चांगलं मला मांडता येणार नाही. मारबतीवरच्या खुणा सांगतात की आपल्याला तिच्याबद्दल काय वाटतं. आकाझावरच्या खुणा सांगतात की त्याने काय गमावलं. दुःखी खलनायक नीट रंगवायचा असेल तर चित्रकार त्याच्या अंगावर 'वाईटपणा' काढत नाही, आठवण काढतो. मुलांना हा खलनायक आवडतो तो यासाठी. त्यांनाही रोज कोणीतरी एका शब्दात मोजत असतं. मस्तीखोर, ढ, रडका, जाडी, काळी. आपल्यामागे एक गोष्ट आहे आणि ती कोणीतरी विचारावी, असं प्रत्येक मुलाला वाटतं.

पण इथे एक धोका आहे आणि तो पालकांनी नीट ओळखावा. 'त्याची स्टोरी आहे' म्हणजे 'त्याने केलं ते चालतं' असं मुलांना वाटू शकतं. मी स्पष्ट विचारलं, "कोयुकीला विष दिलं, हे वाईट. मग रेंगोकूला मारलं ते?" वर्ग गप्प झाला. मग एक मुलगी म्हणाली, "रेंगोकूची पण आई होती ना." बस. समजून घेणं वेगळं आणि सूट देणं वेगळं. कारण कळलं म्हणून हिशेब मिटत नाही. पण कारण न विचारता फक्त जाळून टाकलं, तर पुढच्या वर्षी पुन्हा पुतळा लागतोच.

वर्गात घेता येईल असा उपक्रम : 'खूण वाचूया'

वयोगट तिसरी ते सातवी. दोन तासिका पुरतात. साहित्य काहीच नाही, कागद आणि खडू.

१. मुलांनी ओळखीचा एक खलनायक निवडावा. पूतना, शूर्पणखा, कर्ण, कार्टूनमधला कोणीही. कर्णाला खलनायक म्हणायचं का, यावर वाद होईल. तो होऊ द्या.

२. वहीत तीन रकाने. पहिला, अंगावर काय दिसतं? दुसरा, ते कशाची आठवण असू शकते? तिसरा, त्याने जे केलं त्याबद्दल आपण काय म्हणू? तिसरा रकाना कोणी रिकामा सोडू नये.

३. आता स्वतःचा खलनायक काढा. त्याच्या अंगावर तीन खुणा हव्यात आणि प्रत्येक खुणेमागे एक गमावलेली गोष्ट हवी. एकच अट, वाईटपणा दाखवायला अंगाचा रंग वापरायचा नाही. काळा, गोरा, सावळा यातलं काहीही 'वाईट' नाही.

४. शेवटी प्रत्येकाने एक वाक्य लिहायचं, 'कोणी तिला/त्याला वेळीच काय विचारलं असतं तर बरं झालं असतं?'

या अटीमुळे पहिली दहा मिनिटं वर्ग अडून बसला. "मग राक्षस काढायचा कसा?" असं तिघा-चौघांनी विचारलं. त्यांची सवय किती पक्की आहे ते मला तेव्हा कळलं. माझीही तेवढीच पक्की आहे. मधल्या काळात मी दोनदा फळ्यावर काळा खडू शोधत होते, म्हणजे बघा! फळाच काळा, त्यावर काळा खडू कुठून येणार?

तपकिरी खडू परत ठेवणाऱ्या त्या मुलीने एक उंच बाई काढली. गळ्यात कोरी पाटी. हातात पिशवी, पिशवीत खूप सारी अक्षरं. खाली लिहिलं होतं, 'ही लोकांची नावं चोरते आणि त्यांना दुसरी नावं ठेवते. कारण हिचं नाव कोणी घेत नव्हतं.'

तिचं चित्र बघायला जे पाच-सहा जण गोळा झाले त्यात तो मागच्या बाकावरचा मुलगाही होता. बराच वेळ बघून त्याने विचारलं, "हिचं नाव हिला परत भेटलं तर ही पिशवी देऊन टाकेल का?" ती म्हणाली, "आधी विचारून तर पाहा." दोघांची लगेच मैत्री झाली असं काही नाही. पण त्या दिवसापासून माझ्या वर्गात तो शब्द मी ऐकलेला नाही. आणि 'स्किन कलर' नावाच्या खडूला आम्ही आता 'फिकट नारिंगी' म्हणतो. तेच त्याचं खरं नाव आहे.

पालकांसाठी दोन शब्द

मुलाने काळ्या टी-शर्टचा हट्ट धरला, तर 'हा कोण दरिद्री' म्हणून लगेच झिडकारू नका. 'याच्या अंगावर ही खूण कशाची?' एवढं विचारा. तुमचं मूल अर्धा तास बोलेल. ऐकताना लक्ष ठेवा, कोणत्या ठिकाणी त्याचा आवाज बदलतो. कधी कधी मूल खलनायकाच्या नावाने स्वतःचं सांगत असतं.

आणि मारबत? ती जरूर दाखवा. ती आपल्या नागपूरची शान आहे. खांद्यावर बसवून न्या, ओरडू द्या. फक्त घरी येताना, गाडीवरून किल्ल्याच्या टेकडीजवळून जाल तेव्हा, तिथे काय झालं होतं आणि बांकाबाई कोण होती, तेही सांगा. जाळायचं ते आपल्यातलं वाईट, माणूस नाही, एवढं त्या वयात कळलं तरी खूप झालं.

उपक्रम करून बघा. तिसऱ्या रकान्यात मुलांनी काय लिहिलं ते मात्र जपून ठेवा. वर्षअखेरीस त्यांनाच परत वाचायला द्या.